विश्लेषण : हौशी विमानाचे रोटरी इंजिन श्वास कुठून घेते?

घरी बांधलेल्या विमानात मोटारीचे रोटरी इंजिन बसवणारे हौशी कारागीर जगभर आहेत. इंजिन चांगले असूनही अनेकांचे गणित फसते ते हवा आत नेणाऱ्या नळीपाशी. खानदेशातल्या मे महिन्यात तर ही चूक आणखी महाग पडते.

ब्राह्मणपुरी हे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातले गाव. दक्षिणेला तापीचे खोरे, उत्तरेला सातपुड्याची रांग. मे महिन्याच्या एखाद्या दुपारी तिथे पारा ४५ अंशांवर गेला आणि गावाची उंची समुद्रसपाटीपासून दीडशे मीटर धरली, तर त्या वेळची हवा विमानशास्त्राच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी विरळ असते. प्रमाण दिवशी एवढी विरळ हवा मिळवायला साधारण ११५० मीटर वर, म्हणजे थेट तोरणमाळच्या उंचीवर जावे लागेल. माणसाला या विरळपणाचा पत्ता लागत नाही, त्याला फक्त घाम लागतो. इंजिनाला मात्र तो पहिल्या फेऱ्यापासून लागतो. आत आलेली हवा कमी, म्हणून जाळता येणारे इंधन कमी, म्हणून ताकद कमी.

ही ११ टक्क्यांची तूट हवामानाची आहे, ती कोणालाच भरून काढता येत नाही. पण त्यावर आणखी दहा-बारा टक्के घालवायचे की नाही, हे विमान बांधणाऱ्याच्या हातात असते.

हा विषय आपल्याकडचा आहे का?

आहे, आणि दोन बाजूंनी. पहिली बाजू घरगुती विमानाची. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्याची नोंदणी केली आणि २०२० मध्ये त्याच्या उड्डाण चाचण्या झाल्या त्या धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर. ब्राह्मणपुरीपासून सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरच्या आत भरते. त्या विमानाची ओळख रोटरी इंजिनासाठी नाही. पण गच्चीवर सुरू झालेले काम सरकारी नोंदणीपर्यंत आणि तिथून धावपट्टीपर्यंत नेता येते, हे त्याने दाखवले. शिरपूरजवळ तांडे इथे तर वैमानिक प्रशिक्षणाची धावपट्टीच आहे. या पट्ट्यातल्या आकाशाला छोटी विमाने नवीन नाहीत.

दुसरी बाजू इंजिनाची. लष्करासाठी विकसित केलेल्या ‘निशांत’ या मानवरहित विमानात सुरुवातीला परदेशी रोटरी इंजिन होते. त्याला देशी पर्याय म्हणून ५५ अश्वशक्तीचे आणि सुमारे ३० किलो वजनाचे वँकेल इंजिन तयार करण्यात आले. त्याचा गाभा, म्हणजे खास मिश्रधातूचे ओतकाम आणि आतल्या भिंतीवरचा निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा लेप, बंगळूरुच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने केला. प्रज्वलन, इंधनपुरवठा अशा जोडयंत्रणा केल्या त्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने. एप्रिल २००९ मध्ये कोलारच्या धावपट्टीवर या इंजिनासह ‘निशांत’ उडाले. रणगाडे आणि लष्करी गाड्यांच्या चाचण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नगरचा हा हवाई हिस्सा फारसा कोणाला ठाऊक नसतो.

रोटरी म्हणजे नेमके कोणते?

या नावाने मोठा घोळ होतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फ्रेंच ‘नोम’ इंजिनांनाही रोटरीच म्हणत. त्यांत शाफ्ट जागच्या जागी स्थिर असे आणि सगळी सिलिंडरेच पंख्यासोबत गरगर फिरत. त्यांना हवा आणि इंधन द्यायचे तर ते पोकळ शाफ्टमधूनच, कारण फिरत्या सिलिंडरांना बाहेरून नळी जोडणार कशी? ते प्रकरण १९२० पर्यंत जवळपास संपले.

आजच्या हौशी विमानांत ‘रोटरी’ म्हणजे वँकेल. जर्मनीच्या फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चालले. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ पासून ते मोटारींत रुजवले. यात पिस्टन नाही, झडपा नाहीत. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्रिकोणाची प्रत्येक बाजू आणि भिंत यांमधली जागा आळीपाळीने वाढते आणि आक्रसते. वाढताना हवा ओढली जाते, आक्रसताना दाबली जाते, मग स्फोट, मग धूर बाहेर.

हौशी मंडळींचे आवडते इंजिन म्हणजे माझदाचे १३बी आणि त्याचा आरएक्स-८ गाडीतला पुढचा अवतार, रेनेसिस. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटर, एकूण १३०८. आकडा छोट्या गाडीसारखा दिसतो, पण तो फसवा आहे. चार टप्प्यांच्या पिस्टन इंजिनात एक सिलिंडर शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. वँकेलचा प्रत्येक रोटर शाफ्टच्या प्रत्येक फेरीत एकदा घेतो. म्हणजे हवेच्या हिशेबात हे १३०८ चे इंजिन २६०० घनसेंटिमीटरच्या पिस्टन इंजिनाएवढे खादाड आहे. हवेची नळी ‘तेराशेच्या’ गाडीच्या मापाने निवडणाऱ्याची पहिली चूक इथेच होते.

किती हवा लागते?

शाफ्ट मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरत असेल तर दर सेकंदाला सुमारे १३० लिटर. शेतावर असते ते दोनशे लिटरचे पिंप हे इंजिन दीड सेकंदात पिऊन टाकेल. (पंखा इतक्या वेगाने फिरवला तर त्याची टोके आवाजाच्या वेगापाशी जातात, म्हणून मधे गिअर घालून वेग दोन-तीन पटीने खाली आणतात. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता ही हवा बाहेरून घ्यायच्या तोंडाचा आकार. चढाईत विमान ९० नॉट, म्हणजे सेकंदाला ४६ मीटर वेगाने जात असेल, तर येणारी हवा न थोपवता, न खेचता आत घ्यायला सुमारे २८ चौरस सेंटिमीटरचे तोंड लागते, म्हणजे सहा सेंटिमीटर व्यासाचे. तेच विमान वर जाऊन १६० नॉटने उडू लागले की १६ चौरस सेंटिमीटर पुरते. तोंड तर एकच असणार. ते चढाईच्या मापाचे ठेवतात, कारण ताकदीची खरी गरज तिथे असते. वेग वाढल्यावर जास्तीची हवा तोंडाच्या कडेवरून बाहेर सांडते. ती कड धारदार पत्र्याची असेल तर सांडणारी हवा फाटते, भोवरे होतात आणि विमानाला ओढ बसते. कड जाड आणि गोल असेल तर हवा निमूट वळून निघून जाते.

समोरच्या वाऱ्याचा फायदा किती?

इथे बहुतेकांची अपेक्षा आणि गणित जुळत नाही. विमान वेगाने जाते, हवा आपोआप कोंबली जाते, म्हणजे फुकटात टर्बो मिळाला, असे वाटते. प्रत्यक्षात ४६ मीटर वेगाला मिळणारा जास्तीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सव्वा टक्का आहे. ८२ मीटरला, म्हणजे १६० नॉटला, चार टक्के. तोही वाटेत काहीच वाया गेले नाही तर.

आणि वाटेत वाया जायला जागा भरपूर असतात. नळीतून हवा सेकंदाला ६० मीटर वेगाने जात असताना एक काटकोनी कोपरा दोन टक्क्यांच्या वर दाब खातो. म्हणजे चढाईत वाऱ्याने जेवढे दिले त्याहून जास्त एका कोपऱ्याने घेतले. तोच कोपरा मोठ्या गोलाईने वळवला तर नुकसान चौथाईवर येते. नळी सरळ कापून पेटीत तशीच घुसवली तरी टक्का-दीड टक्का जातो. तिला तुतारीसारखे पसरट तोंड दिले तर तो जवळपास पूर्ण वाचतो. हे काम पत्र्याच्या किंवा फायबरच्या कारागिराचे एका दिवसाचे आहे. हजारो डॉलरच्या सुट्या भागांच्या मागे लागण्यापूर्वी ते करून घेणे शहाणपणाचे.

गरम हवेचे काय?

सगळ्यात मोठा खड्डा हाच आहे. १३बी इंजिनात हवा आत जाण्याचे दार आणि धूर बाहेर पडण्याचे दार एकाच बाजूला, वर-खाली असते. शिवाय वँकेलचा धूर पिस्टन इंजिनापेक्षा जास्त तापलेला, नऊशे अंशांच्या घरातला. मोटारीच्या बोनेटखाली जागा असते, वारा खेळतो. विमानाचे काउलिंग मात्र इंजिनाला अंगाबरोबर शिवलेल्या सदऱ्यासारखे घट्ट असते. त्यात लाल झालेला धुराड्याचा पाइप आणि त्याच्या डोक्यावर हवेची नळी.

हवा दर दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. कोणी सोपे म्हणून हवेचे तोंड काउलिंगच्या आतच ठेवले आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा ३० अंशांनी गरम असली, तर साडेआठ टक्के ताकद गेली. ८२ मीटर वेगाचा अख्खा वारा याच्या निम्मेही भरून देत नाही.

ब्राह्मणपुरीच्या त्या दुपारी आता बेरीज करून पाहा. कागदावर १८० अश्वशक्तीचे इंजिन. विरळ हवेने ११ टक्के घेतले, काउलिंगमधल्या गरम हवेने साडेआठ, अर्धवट तुंबलेल्या फिल्टरने तीन. उरले ढोबळमानाने १४२. पंखांना आणि पंख्यालाही तीच विरळ हवा मिळालेली असल्याने विमानाला उचलायला जास्त वेग आणि जास्त धावपट्टी हवी, आणि ताकद मात्र एक पंचमांशाने कमी. जानेवारीच्या सकाळी झुपकन उठलेले विमान मे महिन्यात धावपट्टीच्या टोकाची बाभळ जवळ येईपर्यंत उठत नाही, त्यामागे हे साधे गुणाकार असतात.

उपायही साधे आहेत. हवा काउलिंगच्या बाहेरून घ्यायची. नळी धुराड्यापासून शक्य तेवढी दूर न्यायची. जिथे दूर नेता येत नाही तिथे दोन्हींच्या मधे स्टीलचा पातळ पडदा आणि त्यामागे हवेची फट ठेवायची. अॅल्युमिनियमच्या चकचकीत नळीवर नुसती पट्टी गुंडाळून काम होत नाही, कारण ती पट्टी थोड्या वेळाने स्वतःच तापते.

गरम हवेचा धडा ब्रिटनच्या नॉर्टन कंपनीने मोटारसायकलवर घेतला होता. त्यांच्या रोटरी इंजिनात आत जाणारी हवा आधी रोटरच्या पोटातून फिरवून त्याला थंड करण्यासाठी वापरत आणि मग कार्ब्युरेटरकडे पाठवत. रोटर थंड राही, पण इंजिनाला तापलेली हवा मिळे. पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी धुराच्या झोताच्या ओढीने रोटरमधून वेगळीच हवा खेचायची युक्ती केली, तेव्हा आत जाणारी हवा थंड राहिली आणि ताकद वाढली. थंड करायची हवा आणि जाळायची हवा एकाच नळीतून नेऊ नये, हा नियम हौशी बांधणाऱ्यांनी तिथूनच उचलावा.

नळीची लांबी का मोजतात?

बासरीत लांबीवर सूर ठरतो, तसेच इथे. इंजिनाचे दार उघडते-मिटते तेव्हा नळीतल्या हवेत दाबाची लाट उठते. ती उघड्या टोकाला जाऊन उलटते आणि परत येते. ती परतीची लाट दार मिटायच्या क्षणी पोहोचली तर शेवटचा एक घोट जास्तीचा आत ढकलला जातो. चुकीच्या वेळी आली तर आत आलेली हवाच मागे रेटली जाते.

अर्ध्या मीटरच्या नळीत ही लाट साधारण तीन सहस्रांश सेकंदात जाऊन येते. ६००० फेऱ्यांच्या वेगाला तेवढ्यात शाफ्ट शंभर अंशांच्या थोडे वर फिरलेला असतो. वँकेलचा हवा ओढण्याचा टप्पा शाफ्टच्या तब्बल २७० अंशांचा, पिस्टनच्या दीडपट. त्यामुळे पिस्टन इंजिनाची नळी उचलून इथे बसवली तर सूर लागेलच असे नाही. माझदाने १९८० च्या दशकात तर एका रोटरच्या दारातून उठलेली लाट दुसऱ्या रोटरच्या दारापर्यंत पोहोचेल अशी नळ्यांची मांडणी केली होती. १९९१ ची ‘ल मां’ शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी गाडीत नळ्यांची लांबी चालता चालता कमी-जास्त होई, कारण शर्यतीत वेग सतत बदलतो.

विमान बांधणाऱ्याला इथे एक नशिबाची गोष्ट मिळते. विमानाचे इंजिन तासन्तास जवळपास एकाच वेगाने चालते. त्यामुळे सरकत्या नळ्यांचा खटाटोप नको, ज्या वेगाने उडायचे त्या एका वेगाला लांबी जुळवली की झाले. यात तासून तासून दोन टक्के मिळवण्यापेक्षा गरम हवेचे आठ टक्के आधी वाचवावेत, हे मात्र हौशी मंडळी हमखास विसरतात. लांबीचे गणित करायला मजा येते, पत्र्याचा पडदा बसवायला येत नाही.

धूळ, पाणी आणि बंद पडलेली वाट

रोटरच्या तिन्ही टोकांना पातळ पट्ट्या असतात, त्या भिंतीला घासत हवा अडवतात. त्यांचे वंगण इंधनासोबत थेंबथेंब जाणाऱ्या तेलावर चालते. नांगरलेल्या शेताशेजारच्या मुरमाड पट्टीवरून उठलेली बारीक माती त्या तेलात मिसळली की घासण्याचा लेप तयार होतो. म्हणून इथे फिल्टर ही चैन नव्हे. ट्रॅक्टरवाल्याला हे सांगावे लागत नाही. कापसाच्या रानातून परत आल्यावर तो एअर क्लीनर उघडून पाहतोच.

फिल्टरने हवा अडू नये म्हणून तो मोठा घेतात आणि त्याच्या आधी नळी हळूहळू रुंद करतात. ही रुंदी सात-आठ अंशांच्या कोनाहून झपाट्याने वाढवली तर हवा भिंत सोडते आणि फायदा जातो. काही जण जमिनीवर फिल्टरमधून आणि वर गेल्यावर थेट वाऱ्यातून हवा घेणारे दार ठेवतात.

पण फिल्टर आहे म्हणजे तो तुंबू शकतो. पक्षी, गवत, पावसाळी ढगातले पाणी. म्हणून दुसरी वाट हवीच. मुख्य वाट बंद झाली की इंजिनाच्या ओढीनेच उघडणारे, स्प्रिंगचे एक झाकण, किंवा वैमानिकाच्या हाताशी असलेली तार. त्या वाटेने गरम हवा येईल, ताकद कमी मिळेल, पण इंजिन चालू राहील. कार्ब्युरेटर असेल तर ही गरम हवा दुहेरी कामाची, कारण कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा एकदम थंड होते आणि श्रावणातल्या दमट पंचवीस अंशांतही आत बर्फ धरू शकतो. इंधन थेट नळीत फवारणाऱ्या यंत्रणेत ही भीती बरीच कमी होते.

बाकी गोष्टी बारीक, पण जीवघेण्या. नळीच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी आणि इंधन निथळायला छिद्र. इंजिनाच्या ओढीने आत बसणार नाही अशी कडक नळी, कारण नरम नळी पूर्ण ताकदीच्या क्षणीच, म्हणजे उड्डाण करतानाच, चपटी होते. आणि फिल्टरच्या पुढे एकही सैल नट-बोल्ट नको. तिथून सुटलेला स्क्रू जायला एकच जागा असते.

मागे पंखा असेल तर?

‘निशांत’चे इंजिन आणि पंखा मागे होते. अमेरिकी लाँग-ईझीसारख्या हौशी विमानांतही तसेच असते आणि त्यांपैकी काहींत माझदाची इंजिने बसवली गेली आहेत. तिथे अडचण वेगळी. विमानाच्या अंगावरून मागेपर्यंत घसरत आलेली हवा अंगाजवळ मंद आणि थकलेली असते. तोंड अंगाला चिकटून ठेवले तर तीच शिळी हवा आत जाते. म्हणून स्कूप अंगापासून बोटभर वर उचलून बसवतात. अंगात कोरलेली, नाकाकडे निमुळती होणारी नाका पद्धतीची खाच दिसायला देखणी आणि ओढीला कमी, पण तिच्यात दाब कमी सावरला जातो. थंड हवेची छोटी गरज असेल तिथे ती ठीक. इंजिनाच्या श्वासासाठी स्कूप बरा.

बरोबर झाले हे कसे कळणार?

पवनबोगदा लागत नाही. गवंडी लेव्हल पाहायला वापरतो ती पारदर्शक नळी पुरते. नळीचा यू आकार करायचा, अर्धी पाण्याने भरायची. एक टोक हवेच्या पेटीला जोडायचे. दुसरे वैमानिकाच्या कक्षात मोकळे सोडून चालत नाही, कारण उडताना तिथला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा वेगळा असतो. ते विमानाच्या स्थिर दाबाच्या नळीला जोडायचे. १६० नॉटला वाऱ्याचा पूर्ण दाब पोहोचत असेल तर पाण्याच्या दोन पातळ्यांत चाळीस सेंटिमीटरचा फरक दिसेल, ९० नॉटच्या चढाईत तेरा. प्रत्यक्षात जेवढा कमी दिसेल तेवढा वाटेत गेला. फरक उलट्या बाजूला दिसला, तर वारा देत होता त्याहून जास्त नळी खात आहे. सोबत पेटीत एक थर्मामीटर ठेवला की गरम हवेचा हिशेबही कळतो.

ही मोजणी आधी जमिनीवर, विमान खुंट्याला बांधून पूर्ण ताकदीला करायची. मग उडताना, सकाळच्या थंड हवेत, लांब धावपट्टीवर. दुपारची पाळी त्यानंतर, आकडे वहीत उतरल्यावर. आपल्याकडे डीजीसीएची परवानगी आल्याशिवाय यातले दुसरे पाऊल उचलता येत नाही, आणि यादव यांच्या विमानाला नोंदणीनंतर धुळ्याच्या पट्टीवर पोहोचायला तीन वर्षे लागली. गवंड्याची नळी, पत्र्याचा पडदा आणि तुतारीचे तोंड यांसाठी तेवढा वेळ पुरेसा असतो.